अनुभवाला मताचा अधिकार

ईसीटी, म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही ‘शॉक’ म्हणतात तो उपचार, घेतलेल्या रुग्णांना तो कसा वाटला, याच्या पाहण्या ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे होत होत्या. बहुतेक पाहण्या डॉक्टरांनी केलेल्या असत आणि त्यांतून साधारण एकच चित्र निघे: रुग्ण समाधानी आहेत, आठवणींवर होणारा परिणाम फारसा गंभीर नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे माहितीपत्रक तर ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण समाधानी असल्याचे सांगत असे. २००३ साली लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीतल्या डायना रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या पाहण्या पुन्हा एकत्र तपासल्या. या गटात स्वतः ईसीटी घेतलेले संशोधक होते, आणि म्हणूनच त्यांनी आकड्यांच्या आधी वेगळी चौकशी केली. प्रश्न कोणी विचारला होता? कुठे? उपचारानंतर किती दिवसांनी? उत्तर विचार करायला लावणारे निघाले. उपचार संपताच, रुग्णालयातच, उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच दोन-चार प्रश्न विचारले असतील तर समाधान भरपूर दिसत होते. काही काळ जाऊ दिल्यावर, दुसऱ्या जागी, सविस्तर विचारले असेल तर ते उतरत होते. आठवणी कायमच्या गेल्या असे सांगणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत २९ ते ५५ टक्के होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये या उपचाराबद्दलची राष्ट्रीय मार्गदर्शिका आली, तिच्यावर या कामाचा ठसा होता.

आधीच्या डॉक्टरांपैकी कोणी खोटे बोलत होते असे यात कुठेही नाही. रुग्ण पुढच्या वेळी ज्याच्या हाती असणार आहे त्यालाच आपले खरे मत सांगताना कचरतो, एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. ती लक्षात यायला त्या खाटेवर कधीतरी पडून राहिलेले माणूस अभ्यासात असावे लागले.

हे पुस्तक या गोष्टीभोवती उभे आहे. मनोविकार भोगलेल्या माणसाला सेवेच्या सुधारणेत सामील करून घ्यायचे ते उपकार म्हणून नव्हे. सेवेविषयीचे काही ज्ञान त्याच्याखेरीज कोणाकडेच नसते, म्हणून. रात्री वॉर्डाचे दार बंद झाल्यावर आत काय चालते, गोळ्या बदलल्यावर कामावर बसल्या बसल्या डोळे का मिटतात, ओपीडीत केसपेपरवर निदान मोठ्याने वाचले जाते तेव्हा मागच्या रांगेतले शेजारी कसे बघतात, डिस्चार्ज मिळालेली बाई घराच्या उंबऱ्यावर पोचते तेव्हा आत कोणती बोलणी झालेली असतात: यांतले काहीही अहवालात येत नाही. या ज्ञानाला निर्णय बदलण्याची ताकद मिळाली तरच तो सहभाग. नुसते ऐकून घेतले, चहा दिला, फोटो काढला, आणि ठरलेले होते तेच केले, तर त्याला दुसरे काहीतरी नाव द्यावे.

पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आजार असलेल्या माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत आहे. पुस्तकात बहुतेक ठिकाणी हेच शब्द येतील. काही लेखकांनी मात्र स्वतःला रुग्ण म्हटले आहे, काहींनी मानसोपचारातून तगून निघालेले. ज्याने स्वतःसाठी जे नाव निवडले, ते आम्ही बदललेले नाही.

या विषयाचा इतिहास सांगायचा तर तो चळवळीपासून नव्हे, एकेकट्या माणसांपासून सांगावा लागतो. १८१२ साली ज्यांचा खून झाला त्या ब्रिटिश पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा जॉन हा १८३०च्या दशकात दोन खासगी वेड्यांच्या इस्पितळांत होता. बाहेर आल्यावर त्याने आपल्यावर झालेल्या ‘उपचारां’ची हकिकत दोन खंडांत छापली आणि १८४५ साली, वेडे ठरवल्या गेलेल्यांच्या बाजूने उभी राहणारी एक संस्था काढली. अमेरिकेत एलिझाबेथ पॅकार्ड यांना १८६० साली त्यांच्या पाद्री नवऱ्याने इलिनॉयमधल्या सरकारी इस्पितळात टाकले. धर्माबद्दलची त्यांची मते नवऱ्याला मान्य नव्हती, आणि बायकोला जाहीर सुनावणीशिवाय आत टाकण्याची मुभा तेव्हाचा कायदा नवऱ्याला देत होता. तीन वर्षांनी त्या सुटल्या आणि लढल्या. १८६७ साली इलिनॉयमध्ये कोणालाही भरती करण्याआधी ज्यूरीपुढे सुनावणी सक्तीची झाली. आपल्याकडच्या किती बायका कोणत्या कारणांनी मनोरुग्णालयात पोचल्या हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पॅकार्ड यांची कथा परदेशातली वाटणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लिफर्ड बिअर्स आले. तीन वर्षे तीन वेगवेगळ्या इस्पितळांत काढून बाहेर पडल्यावर १९०८ साली त्यांनी आपले आत्मकथन छापले, आणि त्यातून अमेरिकेतली मानसिक आरोग्याची पहिली मोठी संघटना उभी राहिली. पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. संघटना मोठी झाली, पैसा आला, नामवंत डॉक्टर आले, आणि हळूहळू भर प्रतिबंधावर आणि शालेय मुलांवर गेला. ज्या वॉर्डांमुळे ते आत्मकथन लिहिले गेले ते वॉर्ड मागे पडले. शुभार्थीच्या कथेने दार उघडते आणि आत दुसरेच जाऊन बसतात, हा प्रकार पुढेही अनेकदा घडला. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने तो आधीच ओळखून ठेवलेला बरा.

खरी चळवळ १९७०च्या सुमाराची. पोर्टलंड, बॉस्टन, व्हँकूव्हर, लंडन या शहरांत माजी रुग्णांचे गट एकामागोमाग उभे राहिले. स्त्रीमुक्ती, कृष्णवर्णीयांचे हक्क, व्हिएतनाम युद्धाला विरोध यांच्या वातावरणातच ते वाढले. ज्युडी चेम्बर्लिन यांचे १९७८ सालचे पुस्तक या काळाचा जाहीरनामा मानले जाते. रुग्णांनीच चालवलेल्या, डॉक्टरांच्या ताब्यात नसलेल्या पर्यायी जागा हव्यात, अशी त्यांची मागणी होती. त्याच वर्षी इटलीत मनोरुग्णालयांतल्या नव्या भरत्या बंद करणारा कायदा क्रमांक १८० झाला. त्यामागे फ्रांको बासाल्या या डॉक्टरांचे गोरित्सिया आणि त्रिएस्ते इथले काम होते. बासाल्या स्वतः रुग्ण नव्हते, पण गोरित्सियात त्यांनी रोज सभा भरवली. तिथे रुग्ण, परिचारिका, डॉक्टर कोणीही उठून बोलत असे. त्रिएस्तेत रुग्णालयातच राबणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था निघाली. जे काम ‘उपचार’ म्हणून फुकट करून घेतले जात होते, त्याची मजुरी मिळू लागली. सहभागाची चर्चा करताना आपल्याकडे सभेची आठवण काढली जाते, मजुरीची काढली जात नाही. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी वाटते.

या अर्ध्या शतकात क्षेत्राचे काही प्रवाह झाले. ते एकमेकांत मिसळतात, भांडतातही.

पहिला प्रवाह हक्कांचा. त्याचे म्हणणे सरळ आहे: स्वतःच्या देहाबद्दल आणि आयुष्याबद्दल निर्णय घेण्याची माणसाची क्षमता निदानामुळे संपत नाही. आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही ठरवू नका, ही अपंगांच्या चळवळीची घोषणा याच प्रवाहाने आपली मानली. १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार हे त्याचे सर्वांत मोठे यश. त्या कराराच्या मसुद्यावर मनोसामाजिक अपंगत्व असलेल्या, म्हणजे मानसिक आजार भोगलेल्या, लोकांच्या संघटना प्रत्यक्ष बसल्या होत्या. कायदे आणि धोरणे आखताना संबंधित व्यक्तींशी त्यांच्या संघटनांमार्फत सल्लामसलत करणे हे सरकारांचे कर्तव्य आहे, असे करार म्हणतो. भारताने त्याला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली.

दुसरा प्रवाह सावरण्याचा. लक्षणे पूर्ण गेली नाहीत तरी अर्थपूर्ण आयुष्य उभे करता येते, आणि त्याची व्याख्या ज्याची त्याने करायची, हे त्याचे सूत्र. पॅट्रिशिया डीगन यांना तरुणपणी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले होते. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या, आणि १९८८ साली त्यांनी या अनुभवावर लिहिलेला निबंध आजही वाचला जातो. या प्रवाहातून सहअनुभवी कार्यकर्त्यांचा, म्हणजे स्वतः आजार भोगून आता इतरांना साथ देणाऱ्यांचा, पेशा निघाला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ साली अशा कार्यकर्त्यांच्या कामाचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून द्यायला सुरुवात केली, आणि मग इतर राज्ये, इतर देश त्या वाटेने गेले. प्रवाह लोकप्रिय झाला तशी त्यावर टीकाही वाढली. सावरणे ही रुग्णाची जबाबदारी ठरवून सरकारे आपला खर्च कमी करतात, असा आरोप आहे, आणि काही ठिकाणी तो खरा ठरला आहे.

तिसरा प्रवाह त्याच्या उगमासाठीच सांगण्यासारखा. नेदरलँड्समध्ये डॉ. मारियुस रोम यांच्याकडे पॅट्सी हागे नावाची एक रुग्ण येत असे. तिला आवाज ऐकू येत. कधी न दिसलेल्या देवावर तुम्ही लोक विश्वास ठेवता, मग मला खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजांवर का नाही, असे तिने डॉक्टरांना विचारले. रोम यांनी हा प्रश्न मनावर घेतला. १९८७ साली दोघे दूरचित्रवाणीवर गेले आणि आवाज ऐकणाऱ्यांना संपर्क साधायला सांगितले. सुमारे ७०० लोकांनी प्रतिसाद दिला. त्यांत कित्येकजण असे निघाले की ते आवाज ऐकत होते आणि त्यांच्यासह नीट जगतही होते. आवाज घालवण्याऐवजी त्यांच्याशी कसे वागायचे हे एकमेकांकडून शिकणारे गट त्यातून अनेक देशांत पसरले.

उरलेल्या दोन प्रवाहांबद्दल थोडक्यात. सेवा सुधारणेच्या प्रवाहात कर्मचारी आणि शुभार्थी मिळून एखाद्या विभागाची रचना नव्याने आखतात. दाखल होण्यापासून घरी जाण्यापर्यंतच्या वाटेवर कुठे अडखळायला होते ते शोधून तिथे दुरुस्ती करतात. हा प्रवाह व्यवहारी आहे, रुग्णालय प्रशासनाला त्याची भीती वाटत नाही, आणि हेच त्याचे बळही आहे, मर्यादाही. संशोधनाचा प्रवाह विद्यापीठांत गेला. लंडनमध्ये २००१ साली सेवा घेणाऱ्यांनीच चालवलेले संशोधन केंद्र निघाले, सुरुवातीला सांगितलेला अभ्यास त्याच केंद्राचा. कॅनडात याच प्रवाहाने ‘मॅड स्टडीज’ नावाची अभ्यासशाखा उभी केली.

या सगळ्यांना उपयोगी पडणारे एक मोजमाप मानसोपचाराबाहेरून आले. शहर नियोजनाच्या अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना हाताशी धरून घेणे, मध्ये माहिती देणे आणि मत विचारणे, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि नियंत्रण. मत विचारणे ही मधली पायरी आहे, वरची नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. कोणत्याही समितीच्या इतिवृत्तावर ही शिडी ठेवून पाहावी, ती समिती कितव्या पायरीवर आहे ते लगेच कळते.

आता भारत. इथे कुटुंबाशिवाय काहीच समजत नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णाबरोबर राहू दिले. खोल्या कमी, कर्मचारी कमी, अशी अडचण होती, पण परिणाम असा झाला की माणसे लवकर सावरली आणि घरी गेली. जगात कुटुंबाला उपचारातला भागीदार मानण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते. पाश्चात्त्य चळवळीत घरच्यांकडे बहुधा संशयाने पाहिले गेले. आपल्याकडे संघटना आधी घरच्यांच्या निघाल्या. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन हे त्याचे ठळक उदाहरण. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले आणि घरात हा आजार जवळून पाहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी तिच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. २००४ साली आलेला ‘देवराई’ हा सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा चित्रपट याच प्रेरणेतून झाला, आणि कितीतरी मराठी घरांत या आजाराचे नाव पहिल्यांदा त्या चित्रपटामुळे मोकळेपणाने उच्चारले गेले.

महाराष्ट्राकडे आणखी एक परंपरा आहे आणि ती या विषयाच्या संदर्भात पुरेशी सांगितली जात नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने १९३५ पासून जगभर रुजवलेले तत्त्व, की पिणाऱ्याला न पिणारा माजी पिणारा जे सांगू शकतो ते दुसरा कोणी नाही, ते इथे एका संस्थेच्या रोजच्या कारभारात उतरले. व्यसनाच्या बाबतीत आपण हे सहज मान्य केले. मग स्किझोफ्रेनियातून, बायपोलर आजारातून सावरलेल्या माणसाला वॉर्डात पगारी काम द्यायचे म्हटले की आपली जीभ का अडखळते? त्याला झेपेल का, पुन्हा आजारी पडला तर काय, असे प्रश्न येतात. ते व्यसनमुक्तीतही होते. पुन्हा घसरलेल्या कार्यकर्त्याला तिथे सांभाळून घेतले गेले आणि काम चालू राहिले.

शुभार्थींच्या स्वतंत्र आवाजाची वाटही पुण्यातूनच निघाली. दिवंगत भार्गवी दावर यांनी १९९९ साली बापू ट्रस्ट स्थापन केला. आईला मनोरुग्णालयांत काय सोसावे लागले हे त्यांनी लहानपणी पाहिले होते आणि त्याबद्दल त्या जाहीरपणे बोलत. संस्थेने पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम उभे केले, आणि दावर यांनी पुढे आशियातल्या मनोसामाजिक अपंगत्व असलेल्या लोकांचे जाळे विणले. सक्तीच्या भरतीला त्यांचा विरोध स्पष्ट आणि न वाकणारा होता. अनेक डॉक्टरांना आणि कुटुंबांना त्यांची भूमिका पटत नसे. पण दावर यांच्याशी वाद घातल्यामुळे सौम्य भूमिका घेणाऱ्यांनाही आपली कारणे नीट मांडावी लागली.

दरम्यान ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरच्या दीड दशकातल्या मंथनाचा आणि आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनाचा परिणाम म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला. १९१२ च्या कायद्यात ‘वेडा’ हा बंदोबस्ताचा विषय होता, १९८७ च्या कायद्यात तो रुग्ण झाला. २०१७ च्या कायद्यात तो हक्कदार आहे. साखळीला बंदी आहे, भूल न देता ईसीटी देण्यास बंदी आहे. पुढे आजार बळावला तर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत हे बरे असताना लिहून ठेवण्याचा, आणि आपला प्रतिनिधी आपण नेमण्याचा हक्क आहे.

याच कायद्यात एक जागा आहे जिथे हे पुस्तक वाचकाचा हात धरून थांबते. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी असावेत, असे कायदा सांगतो. शुभंकरांसाठी वेगळ्या दोन जागा आहेत. पण जिल्ह्यांसाठीची पुनर्विलोकन मंडळे, जिथे अमुक माणसाला सोडायचे की ठेवायचे अशा प्रत्यक्ष आयुष्यांचा निवाडा होतो, तिथली रचना वेगळी आहे. अध्यक्ष न्यायिक सेवेतला, एक जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर. उरलेल्या दोन जागा शुभार्थी किंवा शुभंकर किंवा त्यांच्या संघटना किंवा या क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्था, यांपैकी कोणालाही देता येतात. म्हणजे मंडळ पूर्ण कायदेशीर असेल आणि त्यावर एकही शुभार्थी नसेल, हे शक्य आहे. कायद्याने ठेवलेली ही फट बुजवायला कायदा बदलण्याची गरज नाही. नेमणूक करणाऱ्यांनी ठरवले तरी पुरे.

कायदा कागदावरून खाली कसा उतरू शकतो याचे एक उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटी राइट्स’ कार्यक्रमाखाली २०१४ ते २०१६ या काळात तिथल्या सहा सरकारी मानसोपचार संस्थांची तपासणी आणि सुधारणा झाली. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा त्यात मोठा सहभाग होता. तपासणी करणाऱ्यांत शुभार्थी आणि शुभंकर होते, आणि शुभार्थींना सहअनुभवी स्वयंसेवक म्हणून तयार केले गेले. ज्या संस्थांत हा कार्यक्रम झाला नाही त्यांच्याशी तुलना करता कर्मचाऱ्यांची वृत्ती सुधारली, आणि सेवा घेणाऱ्यांना आपल्या हाती काहीतरी आहे असे अधिक वाटू लागले. सरकारी यंत्रणेत, मर्यादित पैशांत हे झाले, म्हणून मला ते त्रिएस्तेपेक्षाही जवळचे वाटते.

पुरावा काय सांगतो? इथे उत्साहाला आवर घालायला हवा. २०१३ साली आलेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात ११ चाचण्या आणि २,७९६ रुग्ण होते. सहअनुभवी कार्यकर्त्यांनी दिलेल्या सेवेचे परिणाम व्यावसायिकांच्या सेवेइतकेच निघाले. फार चांगले नाहीत, वाईटही नाहीत. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत सहअनुभवी कार्यकर्त्याची साथ मिळालेल्यांपैकी २९ टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत यावे लागले, साथ नसलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना. पुढे इंग्लंडमध्येच झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत पुन्हा भरती होण्याच्या प्रमाणात असा फरक दिसला नाही. म्हणून ‘सहभागाने सगळे सुधारते’ असे या पुस्तकात कोणी म्हटलेले नाही. आणि एक गोष्ट पुराव्याच्या पलीकडची आहे. न्यायाधीशांच्या मंडळावर स्त्रिया असाव्यात की नाही हे आपण चाचणी घेऊन ठरवत नाही. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो त्याचे मत निर्णयात असणे ही आधी न्यायाची बाब आहे.

अडचणी खऱ्या आहेत. समितीवर कोण येते? बहुधा शहरातला, शिकलेला, इंग्रजी बोलणारा, घरच्यांचा आधार असलेला, ज्याला आजार लपवण्याची गरज उरलेली नाही असा. मेळघाटातली भगतापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत फिरून आलेली बाई, ऊसतोडीच्या हंगामात गोळ्या सुटणारा मजूर, जातीमुळे जिचे बोलणे आधीच अर्धे ऐकले जाते ती मुलगी, हे त्या खोलीत नसतात. एका शुभार्थीला सर्व शुभार्थींच्या वतीने बोलायला लावणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. दुसरी अडचण घरातली. शुभार्थी म्हणतो मला भरती करू नका, आई म्हणते रात्रभर मी जागी असते, तुम्ही नसता. दोघे खरे बोलतात. शुभंकराला शुभार्थीचा प्रवक्ता समजून एक खुर्ची वाचवणे ही आपल्याकडची नेहमीची सोय आहे. दोघांच्या खुर्च्या वेगळ्या असल्या तरच हा वाद उघड होतो आणि त्यातून वाट निघू शकते. तिसरी अडचण पैशाची. बैठकीला आलेल्या डॉक्टरची ती ड्युटी असते, रोजंदारीवर असलेल्या शुभार्थीचा तो बुडालेला दिवस असतो. शिवाय आपली सर्वांत दुखरी आठवण पुन्हा पुन्हा सांगण्याची किंमत असते, आणि ती बैठक संपल्यावर घरी मोजावी लागते.

हे पुस्तक आत्ताच का, याचे कारण वर आलेच आहे: जागा कायद्याने तयार झाल्या आहेत आणि त्या कशा भरायच्या हे आता ठरते आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नव्हते. ही दरी भरायला ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानससारखी फोनसेवा आली, गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार होऊ लागले. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ने गावातल्याच माणसांना आधार देणारे म्हणून उभे केले, आणि पुढे गुजरातेतल्या तिच्या कामाची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत दखल घेतली. सेवा वाढते आहे, ही चांगली गोष्ट. पण सेवा वाढत असताना तिची घडण ठरते, आणि एकदा फॉर्म छापले, पदे मंजूर झाली, इमारत बांधली की मग बदलणे दहा पटींनी अवघड होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या भिंती आपल्याला हेच सांगतात.

संग्रहाबद्दल थोडे. यात शुभार्थी, शुभंकर, परिचारिका, समाजसेवक, डॉक्टर आणि वकील यांनी लिहिले आहे. लेख व्यवसायानुसार लावलेले नाहीत. एखाद्या माणसाला सेवेची जी वाट चालावी लागते, त्या क्रमाने ते येतात. त्यामुळे शुभार्थीच्या लेखाशेजारी त्याच प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्या परिचारिकेचा लेख आला आहे, आणि दोघांचे पटत नसेल तर आम्ही ते तसेच ठेवले आहे. सक्तीच्या भरतीवर तर लेखक उघडपणे दोन तटांत आहेत. माझे स्वतःचे मत असे की आजच्या यंत्रणेत ती पूर्ण बंद करता येणार नाही, पण प्रत्येक सक्ती ही सेवेच्या आधीच्या अपयशाची नोंद म्हणून तपासली गेली पाहिजे. या मताशी सहमत नसलेले लेखही तितक्याच जागेत छापले आहेत. मानधन सर्वांना सारखे आहे. नाव द्यायचे, टोपणनाव घ्यायचे की काहीच नाही, हे लेखकाने ठरवले, आणि छपाईला जाईपर्यंत लेख मागे घेण्याची मोकळीक होती.

पुस्तक औषधांबद्दल सल्ला देत नाही. गोळ्या चालू ठेवणे, कमी करणे हा ज्याचा त्याचा डॉक्टरांशी बोलून करायचा विचार आहे, आणि ते बोलणे कसे व्हावे यावर मात्र इथे बरेच काही आहे. एक मोठी उणीव सांगायला हवी. वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेल्या आणि अजून आत असलेल्या माणसांचा एकही लेख यात नाही. लिहायला उत्सुक माणसे होती. पण आतून लिहायचे तर ज्या व्यवस्थेवर जेवणापासून सुटकेपर्यंत सारे अवलंबून आहे, तिच्याच परवानगीने आणि तिच्या नजरेखाली लिहावे लागते. डायना रोझ यांच्या अभ्यासाने जो धोका दाखवला, तोच आम्ही नव्याने निर्माण केला असता. या माणसांचे म्हणणे मोकळेपणाने पोचवण्याची पद्धत ज्यांना सापडेल, त्यांनी या कामाचा पुढचा खंड हाती घ्यावा.

शेवटचा भाग समित्यांवर आणि मंडळांवर नव्याने नेमल्या गेलेल्या शुभार्थींसाठी आहे. पहिल्या बैठकीआधी काय मागावे याची ती साधी टिपणे आहेत: विषयपत्रिका मराठीत आणि आठवडाभर आधी, प्रवासभाड्याबरोबर बुडालेल्या रोजाची भरपाई, स्वतः विषय मांडण्याचा हक्क, सोबत आणखी एक शुभार्थी, एकट्याने नाही, मध्येच उठून बाहेर जायची मुभा, आणि मत वेगळे पडले तर ते इतिवृत्तात शब्दशः लिहून घेणे. आजारपणामुळे बैठकीला येता आले नाही तर जागा जाणार नाही, हेही लेखी घ्यावे. हा भाग सुटा काढता येईल अशी बांधणी केली आहे, आणि त्याच्या प्रती काढून वाटायला कोणाचीही परवानगी लागणार नाही.